फोन बदलला, मी तोच

मी सिम कार्ड बोलतोय. नखाएवढा जीव, पण तोंड केवढं! त्या तोंडाचीच मला किळस येते.

कारखान्यात माझ्या पोटात एक जुना प्रोग्रॅम भरला. मोबाइल कंपनीचा गुप्त संदेश आला की, फोनला पत्ता लागू न देता जवळच्या टॉवरचं ठिकाण कळवायचं, हे त्याचं काम. विचारणारा खरंच कंपनीचा आहे का, हे तपासायची सोयच त्यात नव्हती. मोठ्या साहेबांच्या ते लक्षात आलं होतं. "जुनंच आहे. चालतंय ना? मग राहू दे," म्हणाले आणि चहाला गेले. शी!

मी एका नर्सबाईंच्या वाट्याला आलो. नवऱ्याच्या माराला कंटाळून त्या दूरच्या शहरात आल्या. नंबर मात्र जुनाच ठेवला, कारण म्हाताऱ्या आईला तेवढाच पाठ होता. नवी खोली फक्त त्याच शहरात राहणाऱ्या धाकट्या भावाला ठाऊक होती.

एक दिवस संदेश आला. कंपनीचा नव्हे, नवऱ्यानं पैसे मोजून कुणाकडून तरी पाठवलेला. ना घंटी, ना उजेड. मी मुकाट्यानं ठिकाण सांगितलं. काही दिवसांतच नवरा गल्लीच्या तोंडाशी दात काढत उभा! "कुठंही जा, मला कळतंच," म्हणाला.

बाईंनी खोली बदलली. तो पुन्हा आला. दुकानदार म्हणाला, "ताई, फोनमध्येच काहीतरी घुसलंय. नवा घ्या." जुना बिचारा फोन गेला भंगारात. मला मात्र त्यानं फडक्यानं पुसून, जपून नव्या फोनमध्ये बसवलं. 

नवऱ्यानं तिसरी खोलीही शोधली, तेव्हा बाईंनी भावाला बोलावलं.

"तूच सांगितलंस ना त्याला?"

"ताई, काय बोलतेस! त्याचं तोंड तरी बघतो का मी?"

"मग काय भिंतींनी सांगितलं? फोनसुद्धा नवा आहे माझा!"

भावाचा चेहरा पडला. रोज रात्रपाळीला बहिणीला सोडायला येणारा तो, खोलीची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला. मी तिथंच, त्यांच्यामध्ये पडलेलो. कुणीही विचारलं की बोलणारा मी, तेव्हा नेमकी माझी दातखीळ बसली. थुंकावं असा आहे मी!

आता बाई चौथ्या खोलीत आहेत. दाराला कडी, कडीला टेकवून खुर्ची. सोबतीला कुणी नाही.

बाई, तुमचा भाऊ खरं बोलत होता. मला काढा आणि कात्रीनं कापा. शेजारणीच्या फोनवरून त्याला बोलावून घ्या. पण लवकर करा. मगाशीच संदेश आला होता आणि मी उत्तर देऊन बसलोय.