चौथा कोपरा

१९५८ सालच्या मार्चात चिकपेटेतले त्रिविक्रमराव आगबोटीच्या दोन कंपन्यांची तुलना करायला बसले. निवृत्त हेडक्लार्क ते. कागदावर आधी उभी रेघ आली. डावीकडे जुनी हार्टले कंपनी, उजवीकडे नवी ओरिएल. मुलगा उपेंद्र मोंबासाला रेल्वेत होता, आणि आजोबा आल्याशिवाय नातवाची मुंज करणार नाही म्हणून हटून बसला होता.

हार्टलेच्या बोटीने राव दोनदा गेले होते. सारभात करणारा उडुपीचा आचारी, तोंडओळखीचे खलाशी. ओरिएलची बोट नवी, केबिनी ऐसपैस, चार दिवस आधी पोचवणारी. शिवाय तिचा मार्ग सरळ, हार्टलेसारखा सेशेल्स बेटांवरून वळसा नाही. हा शेवटचा मुद्दा मात्र रावांनी कागदावर घेतला नाही.

तीन वर्षांपूर्वी सेशेल्स सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची बायको अहल्याबाई बोटीवरच तापाने गेली. तिला कापडात गुंडाळून समुद्रात सोडलं. तिचा कुंकवाचा करंडा रावांनीच तिच्या हाताशी ठेवला होता. परतताना बोट त्याच पाण्यावरून आली, तेव्हा राव खिडकीचा पडदा ओढून, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. लाज वाटावी अशीच गोष्ट, आणि त्यांना ती वाटतही होती.

घरात महत्त्वाचा कागद आला की अहल्याबाई त्याच्या तीन कोपऱ्यांना कुंकू लावायची आणि चौथा नवऱ्यापुढे धरायची. "हा तुमचा." बोट लाल होतं म्हणून राव कुरकुरायचे, पण लावायचे. आता घरात ते आणि त्यांची बहीण पद्मावती, विसाव्या वर्षीच विधवा झालेली. देवाला गंध लागायचं. कुंकवाची चिमूटसुद्धा घरात उरली नव्हती.

दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं रावांनी देवघराच्या फळीवर ठेवली. सकाळी पाहतात तर ओरिएलच्या पत्रकाचा लगदा झालेला. त्याला खेटून ठेवलेलं हार्टलेचं ठणठणीत कोरडं.

"पद्मे, तांब्या सांडलास का?"

"मी कशाला सांडू, अण्णा? स्वल्प वास तरी घ्या. आपल्या नळाच्या पाण्याला असा वास येतो का?"

वास खारट होता. शाईचा असेल, असं म्हणून राव छत्री घेऊन निघाले. स्वतःची समजूत काढण्यात हा माणूस मोठा पटाईत. कँटोनमेंटात एजंट गुरुराजकडून त्यांनी ओरिएलचंच तिकीट आणलं, लोखंडी पेटीत धोतरांवर ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

सकाळी किल्ली जानव्यालाच होती. पेटी उघडली, तर तिकिटातून पाणी निथळत होतं. रावांचं नाव धुऊन गेलं होतं. खालची धोतरं मात्र कोरडी, घडीसुद्धा मोडली नव्हती. राव तिथेच जमिनीवर बसले.

पद्मावतीने तिकीट हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं.

"वहिनी तिथे एकटी आहे, अण्णा. तुम्ही तिला चुकवून निघालाय."

"मला भीती वाटते गं. तोंड का फिरवलंत म्हणून विचारलं तर काय सांगू?"

"तेच सांगा. भ्यालो होतो म्हणून सांगा."

राव पेटीकडे पाहून, घसा खाकरून म्हणाले, "या खेपेला डेकवर उभा राहीन." कुणाला म्हणाले ते पद्मावतीने विचारलं नाही.

गुरुराजने भिजलेलं तिकीट चिमटीत धरलं, मान हलवली, आणि हार्टलेचं करून दिलं. तीच पेटी, तेच कुलूप, तीच किल्ली.

उजाडल्यावर रावांनी झाकण उचललं. तिकीट कोरडं होतं. नाव जागच्या जागी होतं. तीन कोपऱ्यांना कुंकू लावलेलं होतं, अजून ओलं. चौथा कोपरा कोरा होता.

घरात कुंकू नव्हतं. रावांनी तिसऱ्या कोपऱ्यावरचं थोडं बोटाने टिपलं. ते समुद्रासारखं गार होतं. चौथ्या कोपऱ्याला त्यांनी ते लावलं. बोट लाल झालं, पण या वेळी ते कुरकुरले नाहीत.