पोंग्यातला कागद

हळू बोलतो हं. मी शब्दकोशातला एक सुटा कागद. जोरात बोललो तर माझ्या कडा झडतात.

माझ्या अंगावर एफ, ओ, आर या तीन अक्षरांनी सुरू होणारे इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ छापलेत. फॉरबिड म्हणजे मनाई करणे. फोर्स म्हणजे जोर. फोर्ड म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार. फॉरेन म्हणजे परका. फॉरेस्ट म्हणजे अरण्य, रान. मग फॉरगेट, विसरणे, आणि सगळ्यांत खाली फॉरगिव्ह, क्षमा करणे. पहिली तीन अक्षरं सारखी म्हणून शेजारी नांदायचं, एवढंच आमचं नातं. बाकी कुणाचं कुणाशी काही देणंघेणं नाही.

ब्रह्मपुरीच्या एका मास्तरांच्या कोशात मी होतो. मास्तर वारले, कोशाची शिवण उसवली आणि मी रद्दीतून सावली गावच्या बाजारात, मिठाच्या दुकानी आलो. एवढे भारदस्त शब्द अंगावर घेऊन मीठ बांधायचं! मला फार वाईट वाटलं होतं.

ते त्रेपन्न साल असावं. वैनगंगेपलीकडच्या रानगावातली सुकरी चारोळी देऊन मीठ घेऊन निघाली. नदीच्या उतारावर पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा तिनं पुडी डोक्यावर ठेवली. वर आभाळ, खाली पाणी, मध्ये मी. त्या डुलण्यात मला पहिल्यांदा झोप लागली.

सुकरीचा नवरा दसरू गावचा पाटील. गावात वाचता कुणालाच येत नव्हतं, पण छापील कागद टाकायचा नाही, असा तिथला नेम होता. पूर्वी कुणीतरी असाच एक कागद चुलीत घातला, तो नेमका जमिनीचा निघाला आणि चार घरांना गाव सोडावं लागलं. तेव्हापासून सापडेल तो कागद पाटलाच्या घरी, आढ्याला टांगलेल्या बांबूच्या पोंग्यात, म्हणजे पोकळ नळीत, जायचा. माझ्यावरचं मीठ झटकून सुकरीनं मलाही त्यात सरकवलं.

पोंग्यात एक म्हातारी चिठ्ठी होती, हाताएवढी, हातानंच लिहिलेली. गावानं रानातून काय काय घ्यावं, ते जुन्या जमीनदारानं तिच्यावर लिहून दिलं होतं. तिच्या कुशीत मी पडून राहायचो. पहाटे मोहाची फुलं टपटपायची, त्यांचा वास बांबूच्या फटीतून आत यायचा. माझे शब्द गुंगून जायचे. फॉरगेट फॉरेस्टच्या अंगावर रेलून पेंगायचा. मी पान आहे की झाड, तेही मला कळेनासं व्हायचं. इतका सुखात मी कधीच नव्हतो.

दोन वर्षांनी निरोप आला. सरकारचे साहेब गडचिरोलीजवळ तंबू ठोकून बसलेत, प्रत्येक गावाचे रानातले हक्क नव्या रजिस्टरात लिहून घेतायत. कागद आणा. ज्याचं लिहिलं जाणार नाही, त्याला पुढं काडीही उचलता येणार नाही.

दसरूनं पोंगा उपडा केला. एका हातात चिठ्ठी, एका हातात मी.

"हे एवढुशी, हातानं खरडलेली," तो म्हणाला. "हा पाह्य, कसा दाट छापला हाय! हाच मोठा कागद."

 मला ओरडता आलं असतं तर! चिठ्ठी आढ्याला राहिली आणि मी दसरू-सुकरीबरोबर दिवसभराची वाट चालून साहेबांच्या टेबलावर गेलो.

कारकून गुणवंतरावांनी मला उलटसुलट पाहिलं. "काय आणलं जी हे? यात तर इंग्रजी शब्दायचे अर्थ आहेत!"

तंबूत हशा पिकला. दसरूची मान खाली गेली. मुक्काम त्याच दिवशी हलणार होता. गावी जाऊन परत यायला वेळ नव्हता. लाजेनं मला दुमडून जावंसं वाटलं.

सुकरी पुढं झाली. "यात जंगलाचं काईच नाई का जी?"

"आहे ना. फॉरेस्ट म्हणजे अरण्य, रान."

"बस? मोहा नाई लिहिला? चारोळीचा चार नाई?"

"नाई बाई."

"मंग हा कागद लिहिनाऱ्यानं रान पाह्यलंच नाई."

यावर कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढला. "गुणवंतराव, ही सांगते ते लिहा."

कच्चं लिहायचा कागद संपला होता. गुणवंतरावांनी पेन्सिल घेतली आणि माझ्याच कोऱ्या कडेवर लिहू लागले. सुकरी सांगत गेली. मोहा. चार. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं. पावसाळ्यातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. डिंक. घराला लागणाऱ्या लाकडाच्या बल्ल्या. जरा थांबून ती म्हणाली, "आन् आमच्या मेलेल्यायचे दगड हायेत तिथी. तिथी जायाची वाट."

गुणवंतरावांची पेन्सिल थांबली. त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"तेही लिहा," साहेब म्हणाले.

माझ्यावरून सगळं रजिस्टरात उतरलं, आणि मी दसरूच्या हाती परत आलो.

त्यालाही आता चार वर्षं झाली. दसरू गेला; रानात एक दगड वाढला. चिठ्ठी वाळवीनं खाल्ली. सुकरी कधी कधी मला पोंग्यातून काढते आणि माझ्या कडेवरून बोट फिरवते. "हा मोहा. हा चार." तिला अक्षर येत नाही, पण क्रम कधी चुकत नाही. बोटाबोटानं पेन्सिल मात्र पुसट होत चालली आहे. तिला थांब म्हणायचा मला धीर होत नाही.

रजिस्टर कुठल्या कपाटात आहे, ते गावात कुणाला ठाऊक नाही. म्हणून सांगतो. लिहितावाचता येणारं कुणी या घरी आलंच, तर माझे छापील अर्थ वाचत बसू नका; ते कुठल्याही कोशात मिळतील. सुकरीला शेजारी बसवा, आणि आधी कडेवरचं उतरवून घ्या.