डाव्या अंगाची कसरत

दुपार झाली की सर्जेरावाचं डोकं उठायचं. मानेतून कळ निघायची आणि कपाळाभोवती आवळत जायची. मग फडकं करकचून बांधून तो ओट्यावर बसायचा आणि भेटेल त्याच्यावर खेकसायचा. घर कापसानं आढ्यापर्यंत भरलेलं. खरेदी केंद्रावर नंबर लागला की गाडी जुंपायची होती, पण चाक खड्ड्यात आदळलं की त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत. गाडी हाकायला दुसरा माणूस म्हणजे शेजारच्या दारातला थोरला भाऊ कचरू. त्याच्या पाया पडण्यापेक्षा सर्जेरावानं कापूस पेटवून दिला असता. बांधावरच्या बाभळीवरून दोघांची जुंपली, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून सर्जेराव ओट्यावर बसायचा तो मान उजवीकडं वळवूनच, कारण डावीकडं कचरूचं दार होतं.

जाफराबादच्या डॉक्टरनं मानेत अंगठे रोवून गाठी मोकळ्या केल्या, तेव्हा हा एवढा गडी लेकरासारखा कण्हला. दुखणं डोक्याचं नाही, मानेचं आहे, असं डॉक्टरचं म्हणणं. कुठं दाबायचं ते त्यानं सर्जेरावाच्या बायकोला, गिरिजाबाईला दाखवलं आणि कसरत सांगितली. ताठ बसायचं, मान हळू उजवीकडं न्यायची, मग हळू डावीकडं, आणि तिथं जरा थांबायचं.

"डावीकडं न्हाई नेली तर चालंल का?" सर्जेरावानं विचारलं.

"तीच बाजू आखडलीय," डॉक्टर म्हणाला.

घरात कापसामुळं पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसावं तर कचरू उजवीकडं येणार. शेवटी त्यानं डोळे मिटून मान फिरवायला सुरुवात केली. गिरिजाबाई हसू आवरत मागून अंगठे दाबायची.

हळूहळू कळ उतरू लागली. एका सकाळी चुकून डोळे उघडले, तर कचरू आपल्या ओट्यावर तसाच मान फिरवत बसलेला.

"माझी नक्कल करून राह्यला," सर्जेराव फणफणला.

"नक्कल कशाची? त्यायचंबी डोकं उठतंय कवाचं," गिरिजाबाई म्हणाली. "कुठं दाबायचं ते जाऊबाईला मीच शिकवलं."

म्हणजे बायकांचं मागच्या दारानं बराबर चाललं होतं. आणि तिकडं कचरूही सर्जेरावाचं दार दिसू नये म्हणून इतकी वर्षं डावीकडंच बघत बसला होता. आता रागवावं कुणावर, हेच सर्जेरावाला उमजेना.

तेवढ्यात कचरू बोलला.

"सर्जा, तुझा नंबर लागला तर माझ्या भरवशावर राहू नको. माझीबी मान गेली."

अकरा वर्षांनी भावाचं तोंड उघडलं, तेही न मागितलेल्या मदतीला नाही म्हणायला. सर्जेरावाच्या जिभेवर शिवी आली होती. पण कचरू मानेला हिसके देत होता, ते त्याला बघवेना.

"आधी हिसके देणं बंद कर, दादा. हळू फिरव."

"तू नको शिकवू मला," कचरू म्हणाला, आणि हळू, बराबर सांगितल्यासारखी, मान त्याच्याकडं फिरवून जरा थांबला.