उमरखेडच्या समुद्राची रेती

उमरखेडच्या कॉलनीत यंदा वसंत मेळाव्याला समुद्रकिनारा करायचं ठरलं. निळी ताडपत्री समितीने आणली, रेती यज्ञेश्वररावांच्या दारातून एका संध्याकाळपुरती मागून आणली. उद्या सकाळी त्याच रेतीनं त्यांच्या मागच्या भिंतीचं प्लास्टर करायला मिस्त्री येणार होता.

माइक: "सर्वांनी वाळूत अनवाणी फिरण्याचा आनंद घ्यावा."

हा आनंद तळव्यांना चिकटून बाहेर निघालेला पाहून यज्ञेश्वरराव झाडू घेऊन मेळाव्याच्या फाटकात उभे राहिले. "पाय झटका. दुसराही."

"समुद्रावर असंच राह्यते काय भाऊ?" शेजारच्या इंदुताईंनी विचारलं.

"तिथं तर याहून कडक राह्यते," ते म्हणाले. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. लोक रांगेनं एका पायावर उभे राहू लागले.

माइक: "निःस्वार्थ स्वच्छतासेवेबद्दल यज्ञेश्वररावांचा सत्कार. त्यांनी स्टेजवर यावे."

शाल कोणाला नको असते? ते गेले. गळ्यात हार पडेपर्यंत अर्धी कॉलनी फाटकाशी पोचली होती, अन् तिच्या तळव्यांना चिकटून त्यांची मागची भिंतही.

"दोन शब्द बोला," अध्यक्ष म्हणाले.

यज्ञेश्वररावांनी माइक ओढून घेतला. "पाय झटका."

सगळी कॉलनी जागच्या जागी एका पायावर उभी राहिली. अध्यक्षही.