नीलांबरी हॉल्ट

रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, उल्हासनं अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये इंग्लंड वसवायला घेतलं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं नोकरीपायी तो आणि नीलांबरी तिकडच्या एका खेड्यात राहिले होते. गावाला येणारी छोटी रेल्वे केव्हाच उखडली गेली होती. तिच्या ओसाड वाटेवर दोघं दर रविवारी फिरायला जायचे. तीच लाइन तो आता खेळण्याएवढी करून बांधत होता, तीही जुन्या नकाशाबरहुकूम. एक झाड चुकलं तरी उपटून पुन्हा लावायचा.

चार वर्षांत तीन स्टेशनं झाली. शेवटच्या स्टेशनासाठी आणखी सहा फूट हवे होते आणि तिथं नेमकं नीलांबरीचं शिलाई मशीन. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर ती खाली उतरलीच नव्हती. मशीन डोनेट करू, आता कशाला लागतंय, असं उल्हासराव जेवता जेवता बोलून गेले. झालं, नको ते बोलून बसले.

नीलांबरीनं शांतपणे त्याला पोळी वाढली. मग त्यानंच कधीतरी कौतुकानं सांगितलेली गोष्ट तिनं काढली: रेल्वेला जमीन देताना तिकडचे काही जमीनदार अट घालायचे, आमच्या दारात गाडी थांबलीच पाहिजे.

"माझ्याही अटी आहेत," ती म्हणाली. "मशीन हलणार नाही. शेजारी माझं स्टेशन हवं. आणि मी खाली येईपर्यंत प्रत्येक ट्रेन स्टॉप करायची."

नकाशात तिथं स्टेशन नाही, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"वर्षभर मी वर एकटीच चहा पितेय," ती म्हणाली. "तुमच्या लक्षात तरी आलं का?"

आलं नव्हतं. उल्हासला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवला. मशीनला तेल दिलं. रूळ टाकले ते त्यानंतर, मशीनला वळसा घालून. नकाशा गेला खड्ड्यात.

रविवारी पहिली गाडी 'नीलांबरी हॉल्ट' या नव्या छोट्या स्टेशनावर येऊन थांबली. वेळापत्रकात बाकीच्या स्टेशनांपुढे मिनिटं होती, इथं लिहिलं होतं, 'नीलांबरी येईपर्यंत.'

खांद्याला थर्मास अडकवून, दोन्ही कठडे धरून ती उतरू लागली. सातव्या पायरीवर दम खायला थांबली.

"गाडी सुटेल हं तुमची," ती म्हणाली.

उल्हास कंट्रोलर सोडून जिन्यापाशी येऊन उभा राहिला.

"नाही सुटत," तो म्हणाला. "सावकाश ये."