चिनी वीराची भुवई

बारा वर्षं मी चिनी वीरांच्या अंगावर गोंदलेले अजगर कोरले, झग्यांच्या चुण्या कोरल्या, पायांखालच्या लाटा कोरल्या. डोकं मात्र बाबाच कोरायचे. एदो शहरात चित्रं छापायचे लाकडी ठसे कोरणाऱ्या साऱ्यांकडे हीच रीत: चेहरा आणि केस थोरल्या हाताचे.

यंदा त्या हाताला कंप सुटला. गेल्या महिन्यात एका सकाळी बाबांनी फळी माझ्यापुढे सरकवली. "यासू, हे डोकं तू कर."

चित्रकार हाकुरेईसाहेबांचं चित्र फळीवर खळीने उलटं चिकटवलं, कागदाचा वरचा पापुद्रा बोटांनी चोळून काढला. दाढीचा केस न् केस लाकडावर उमटला. तेवढ्यात माझा तान्हा मात्सू रडला. त्याला मांडीवर घेऊन पाजलं आणि सुरी उचलायला वळले, तोवर त्याने लाळेने भरलेला तळवा फळीवर फिरवला. दोनदा.

वीराचा एक डोळा पुसला गेला. भुवईसकट.

"मेल्या!" मी ओरडले. तो हसला.

"हाकुरेईसाहेबांकडून दुसरं चित्र आणू का?" मी बाबांना विचारलं.

"आण की!" बाबा म्हणाले. "असतं का दुसरं? चिकटवलं की संपलं. आणि सांगशील काय, नातवाने पुसलं?"

मात्सूला पाठीवर बांधलं, तर किंचाळला. सोडलं, तर हत्यारांकडे रांगला. दुपार अशीच गेली. शेवटी त्याच्या हातातली छिन्नी हिसकावली, तेव्हा त्याने माझ्याकडे असं काही रागाने पाहिलं, की मी तो डोळा, ती चढलेली भुवई तशीच्या तशी लाकडात उतरवली.

काल हाकुरेई पहिला छाप बघायला आले. छाप त्यांनी दारातल्या उजेडात नेला.

"तोकुबेई, हा डोळा माझा नाही," ते बाबांना म्हणाले.

बाबा सावरून बसले.

"माझ्या चित्रापेक्षा झकास रागावलाय! म्हातारपणी हात सुधारला की रे तुझा!"

"जुनी सवय," बाबा म्हणाले आणि वाकले. मीही वाकले. पाठीवर मूल असलं की वाकायलाही वेळ लागतो.

ते गेल्यावर मी फणकारले, "'जुनी सवय' म्हणायला जीभ कशी रेटली, बाबा?"

"बाईने डोकं कोरलं म्हटलं असतं, तर ही मिळाली असती?" त्यांनी नवी फळी पुढे ठेवली. या वीराला तर छातीपर्यंत दाढी. "पोरगं दे इकडे. बस कामाला."

दिलं. तीन केस कोरून होतात न होतात, तोच हाक आली.

"यासू, घे गं बाई याला!"