वाकडी खाच

डेलियानं झाडलेली तिसरी गोळीही निशाण्याच्या कागदाच्या मधोमध लागली.

"नेम धरायची खाच जागेवर आहे, बाबा."

"नशीब तुझं," वर्जिल म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी व्हरमाँटच्या याच डोंगरावर या रायफलीनं त्याचं मोठं हरीण हुकलं होतं. नेम हुकलेल्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून शिकारीच्या झोपडीत भिंतीला ठोकायचा, असा तिथला रिवाज. चार टोमणे खायचे, बियर पाजायची, विषय संपला. वर्जिलला तेवढंही सोसलं नाही. यानं रायफल पाडली, खाच सरकली, असं म्हणत त्यानं मुलाकडे, ग्रँटकडे, बोट दाखवलं. कात्री ग्रँटच्या शर्टाला लागली. ग्रँट तसाच निघून गेला, तो पुन्हा घराची पायरी चढला नाही. रायफल तेव्हापासून कपाटात कुलपाआड होती.

डेलियानं हातोडीनं हलकेच ठोकून मागची खाच काढली आणि भोकाची चकती बसवली.

"भोकातून बघून शिकार? त्यापेक्षा खाटकाकडून मटण आणतो मी."

"एकदा बघा तर खरं!"

उघड्या खाचेचं एक दुखणं असतं. खाच, नळीच्या टोकावरचा मणी आणि हरीण, तिन्ही एकदम स्पष्ट दिसावी लागतात. सत्तरीतल्या डोळ्यांना ते कुठलं झेपायला! चकतीकडे मात्र बघायचंच नसतं, तिच्या भोकातून बघायचं. मणी हरणावर टेकवला की झालं.

वर्जिल कुरकुरत बाकावर बसला. त्यानं गोळी झाडली. मग दुसरी.

डेलिया कागद घेऊन आली. दोन्ही भोकं तिच्या तीन भोकांना चिकटून होती. म्हातारा खुदकन हसला. कितीतरी दिवसांनी हसला होता, तिला फार बरं वाटलं.

"म्हणजे खाच सरळच होती," ती हळूच म्हणाली. "डोळे थकलेत तुमचे, एवढंच. ग्रँटला फोन लावू? या मोसमात येईल तो."

वर्जिलचं हसू विरलं.

"काय सांगणार त्याला?"

"खरं ते."

"आणि झोपडीतल्या बाकीच्यांना?"



वर्जिलनं बाकावर काढून ठेवलेली खाच उचलली, दगडावर ठेवली आणि तिच्यावर हातोडीचा घाव घातला. मग ती मुलीच्या हातात दिली.

"ही बघ," तो म्हणाला. "वाकडीच होती."